फ्लॉरेन्स नाइटिंगेल : सेवा आणि हिशेब

वाचकहो, शाळेच्या पुस्तकातील ते चित्र आपणांपैकी बहुतेकांनी पाहिले असेल. रात्रीची वेळ, लांबच लांब दालन, दोन्ही बाजूंना जखमी शिपाई आणि मधल्या वाटेने हातात दिवा घेऊन चाललेली एक सडपातळ स्त्री. हे चित्र खोटे नव्हे. एवढेच की, बहुतेक चित्रकार तिच्या हाती जो जुन्या घाटाचा, चोच असलेला तेलाचा दिवा देतात, तसा दिवा तिने वापरला नाही. तिच्या हाती होता तो तुर्की बाजारात मिळणारा घडीचा कागदी कंदील. तुर्की लोक त्याला फानूस म्हणत. हा शब्द आपल्याला परका नाही.

दिव्याची ही चूक लहानशीच आहे. परंतु या बाईविषयी आपण मुलांना जे सांगतो त्यात आणखीही एक मोठी गोष्ट राहून जाते. ती दयाळू होती हे आपण सांगतो. ती शिकलेली होती, गणितात तरबेज होती, आणि ते शिकण्यासाठी व त्याचा उपयोग करण्यासाठी तिला स्वतःच्या घरातच पुष्कळ वर्षे झगडावे लागले, हे सहसा सांगितले जात नाही. म्हणून तिचे चरित्र आज तुमच्यापुढे थोडे विस्ताराने ठेवीत आहे.

12 मे 1820 रोजी इटलीतील फ्लॉरेन्स शहरी तिचा जन्म झाला. आईवडील इंग्रज. ते त्या वेळी प्रवासात होते. ज्या गावी मूल जन्मले त्या गावाचेच नाव त्यांनी मुलीला दिले. घरची श्रीमंती इतकी की एक वाडा डर्बिशायरमध्ये, दुसरा हॅम्पशायरमध्ये. वडील विल्यम नाइटिंगेल यांना मुलगा नव्हता, दोन मुलीच होत्या. त्या काळी श्रीमंत घरच्या मुलींना थोडे फ्रेंच, थोडा पियानो आणि भरतकाम शिकविले की झाले, अशी रीत होती. या गृहस्थांनी मात्र मुलींना स्वतः शिकविले. ग्रीक, लॅटिन, फ्रेंच, जर्मन, इटालियन, इतिहास, तत्त्वज्ञान असा तो अभ्यासक्रम होता. थोरली पार्थिनोपी कंटाळून आईकडे दिवाणखान्यात जाई. धाकटी फ्लॉरेन्स वडिलांच्या ग्रंथालयात बसून राही. पुढे तिने गणिताचा हट्ट धरला. आईला ते पटेना. लग्न होऊन संसार करणाऱ्या मुलीला गणित कशाला, हा प्रश्न तिकडेही होताच. अखेर शिक्षक मिळाला आणि ती गणित शिकली.

सतराव्या वर्षी, 1837 च्या फेब्रुवारीत, ईश्वराने आपल्याला सेवेसाठी बोलावले आहे अशी तिची खात्री झाली. कोणती सेवा, हे मात्र उमजायला आणखी काही वर्षे गेली. खेड्यातील गरिबांच्या घरी आजाऱ्यांजवळ बसता बसता तिला कळून चुकले की शुश्रूषा ही नुसत्या मायेने होत नाही. ती शिकावी लागते.

येथून पुढची हकीकत पालकांनी विशेष लक्षपूर्वक वाचावी अशी आहे. 1845 साली तिने घरात विचारले की, जवळच्या सॉल्सबरी गावच्या रुग्णालयात काही महिने राहून शुश्रूषा शिकू का? जणू घरावर वीज पडली. आईने आकांत केला, बहिणीला झीट येऊ लागली. त्यांची भीती सर्वस्वी अनाठायी होती असे म्हणवत नाही. त्या काळची रुग्णालये घाणेरडी असत. तेथे काम करणाऱ्या बायका पुष्कळदा दारूच्या आहारी गेलेल्या, आणि त्यांच्या अब्रूविषयी लोक बरे बोलत नसत. घरंदाज मुलीने तेथे पाऊल टाकणे म्हणजे मोलकरणीच्याही खाली जाणे, असा समज होता. आपल्याकडेही मुलगी नर्सिंगला जाते म्हटल्यावर नातेवाईक काय काय बोलतात ते मी ऐकलेले आहे. त्यामुळे त्या इंग्रज आईचा राग मला अगदीच परका वाटत नाही.

परवानगी मिळाली नाही. मुलगी घर सोडून पळाली नाही, की तिने वादही वाढविला नाही. ती पहाटे उठू लागली. घर झोपेत असताना मेणबत्ती लावून, अंगावर शाल घेऊन ती रुग्णालयांचे अहवाल आणि आरोग्यविषयक सरकारी पुस्तके वाचायची, आकडे उतरवून घ्यायची, तक्ते करायची. न्याहारीची घंटा झाली की वही मिटून खाली यायचे आणि दिवसभर घरची शहाणी मुलगी म्हणून वावरायचे. असे एकदोन महिने नव्हे, वर्षानुवर्षे चालले. मध्यंतरी रिचर्ड मंक्टन मिल्न्स या नामांकित गृहस्थाने तिला मागणी घातली होती. तो तिला आवडत होता. तरीही 1849 मध्ये तिने नकार दिला. त्याच्याबरोबर समाजात मिरवण्याच्या आयुष्यात आपले काम होणार नाही, असे तिने ठरविले. त्यानंतर स्नेह्यांबरोबर ती इजिप्त व ग्रीसचा प्रवास करून आली. परतीच्या वाटेवर जर्मनीतील कैसर्सवेर्थ येथील सेविकांची संस्था पाहिली. घरी आल्यावर याची शिक्षा म्हणून सहा महिने फक्त बहिणीच्या तैनातीत राहावे लागले! अखेर 1851 मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, तिला कैसर्सवेर्थला तीन महिने शिकता आले. तेही कोठे वाच्यता होऊ नये या आईच्या इच्छेसह. 1853 मध्ये लंडनच्या हार्ले स्ट्रीटवरील एका लहान स्त्रीरुग्णालयाची व्यवस्था तिच्याकडे आली. वेतन नव्हते. वडिलांनी मात्र आता वर्षाला 500 पौंड तिच्या नावे लावून दिले. आईचा विरोध असताना हे त्यांनी केले, याबद्दल या बापाचे श्रेय त्यांना दिले पाहिजे.

यापुढे आपणही तिला एकेरी न संबोधता बाई म्हणू, कारण काम आता सुरू होते.

1853 च्या ऑक्टोबरात तुर्कस्तान व रशिया यांचे युद्ध जुंपले. पुढील वर्षी मार्चमध्ये इंग्लंड व फ्रान्स तुर्कस्तानच्या बाजूने उतरले आणि सप्टेंबरात त्यांच्या फौजा क्रिमियाच्या किनाऱ्यावर गेल्या. 20 सप्टेंबर 1854 रोजी आल्मा नदीकाठची लढाई दोस्तांनी जिंकली. पण लंडनच्या टाइम्स पत्राने जखमींची दैना छापली आणि देश खवळला. युद्धखात्याचे मंत्री सिडनी हर्बर्ट हे बाईंना आधीपासून ओळखत. त्यांनी नर्सांचे पथक घेऊन जाण्याची विनंती करणारे पत्र लिहिले; गंमत अशी की, मला जाऊ द्या असे बाईंचे पत्र त्याच वेळी टपालात होते. दोन्ही पत्रे वाटेत एकमेकांना ओलांडून गेली. 21 ऑक्टोबरला बाई 38 स्त्रियांसह निघाल्या. त्यांत 10 कॅथलिक जोगिणी, 14 प्रॉटेस्टंट सेविका आणि 14 पगारी नर्सा होत्या. 4 नोव्हेंबर 1854 रोजी त्या इस्तंबूलला पोहोचल्या.

इस्तंबूल शहराच्या समोर, बॉस्फरसच्या आशियाई काठावर उस्कुदार आहे. इंग्रज त्याला स्कुटारी म्हणत. तेथे सुलतान तिसरे सलीम यांनी वसविलेली आणि पुढे दुसरे महमूद यांनी दगडी बांधणीत नव्याने उभारलेली सलीमिये छावणी आहे. मध्ये विस्तीर्ण चौक, चारही बाजूंना मजल्यांवर मजले आणि कोपऱ्यांना बुरूज. तुर्की सरकारने ती इंग्रजांना वापरायला दिली व त्यांनी तिचे रुग्णालय केले. इमारत बाहेरून भव्य दिसे. पण शिपायांच्या राहण्यासाठी बांधलेल्या जागेत हजारो रोगी कोंबले की काय होते ते आत गेल्यावर कळे. खाली मोऱ्या तुंबलेल्या, संडास भरून वाहणारे, भिंतींना ओल, उंदीर, उवा. खाटा अपुऱ्या म्हणून दालनांत आणि ओसऱ्यांत जमिनीवर गवताच्या गाद्यांची रांग. क्रिमियाहून काळा समुद्र ओलांडून सुमारे 300 मैलांवरून जखमी येत, त्यांत कितीतरी वाटेतच दगावत. जे पोहोचत त्यांच्या अंगावर सदराही धड नसे, कारण किनाऱ्यावर उतरताना वरिष्ठांच्या हुकुमाने त्यांनी पडशा मागेच ठेवल्या होत्या.

आणि डॉक्टरांनी काय केले? त्यांनी बाईंना रुग्णांना हात लावू दिला नाही. लष्करी रुग्णालयात बायका, आणि त्याही मंत्र्याने पाठविलेल्या. हे त्यांना हेर वाटले. बाई भांडल्या नाहीत. डॉक्टरांनी बोलावल्याशिवाय कोणत्याही नर्सने रुग्णाला हात लावावयाचा नाही, असा त्यांनीच आपल्या पथकाला हुकूम दिला. बायका बसून पट्ट्या व सदरे शिवू लागल्या. ओरडणारे जखमी पलीकडच्या दालनात आणि या बायका सुई घेऊन बसलेल्या! काही जणींना बाई दगडाच्या काळजाची वाटली. पण 5 नोव्हेंबरला इंकरमनची लढाई झाली, जहाजांमागून जहाजे येऊ लागली, आणि काही दिवसांतच डॉक्टरांनीच त्यांना बोलावले.

मग जे सुरू झाले ते बहुतांशी कोठीवाल्याचे काम होते. झाडू, फरशी घासण्याचे ब्रश, टॉवेल, ताटे, चमचे, सदरे यांची यादी करायची, बाजारातून खरेदी करायची, वाटायची, लिहून ठेवायचे. टाइम्स पत्राने जमविलेला निधी व स्वतःचा पैसा बाईंच्या हाती होता. सरकारी कोठीत माल असे, पण समितीची बैठक होऊन शिक्का पडल्याशिवाय पेटी उघडावयाची नाही असा नियम होता. बैठक होईपर्यंत माणसे थंडीने कुडकुडत. बाईंनी एक घर भाड्याने घेऊन कपडे उकळून धुण्याची सोय केली आणि त्या कामाला शिपायांच्या बायका लावल्या. आजाऱ्यांसाठी वेगळा मुदपाकखाना चालविला. डिसेंबरात नव्या जखमींची वर्दी आली आणि काही दालने राहण्याजोगी नव्हती. सरकारी परवानगीचा घोळ संपेना, तेव्हा बाईंनी स्वतः मजूर लावून ती दुरुस्त करून घेतली. शस्त्रक्रिया इतरांच्या डोळ्यांदेखत चालत; पाय कापताना पाहून शेजारचा आधीच अर्धमेला होई. बाईंनी आडपडदे आणविले.

रात्री आठनंतर दालनांत दुसऱ्या स्त्रीने जायचे नाही, असा त्यांचा नियम होता. तेव्हा त्या स्वतः तो फानूस घेऊन फेरी घालीत. खाटांच्या रांगा एकामागे एक जोडल्या तर चार मैल भरतील असा त्या इमारतीचा पसारा. शिपाई त्यांना फार मानीत. पथक मात्र सरळ नव्हते. काही नर्सा दारू पिऊन पडत, त्यांना परत पाठवावे लागे; कोणत्या पंथाची सेविका कोणाचे धर्मांतर करते यावरून कुरबुरी होत. न विचारता आणखी 46 स्त्रिया पाठविल्या गेल्या तेव्हा बाई इतक्या चिडल्या की राजीनाम्याची भाषा करू लागल्या. त्यांचा स्वभाव कडक होता, बोलणे कधी कधी बोचरे असे.

आता मुलांनो, आकड्यांकडे या. बाई आल्या, स्वच्छता आली, जेवण सुधारले. म्हणजे मृत्यू कमी झाले असतील ना? तसे झाले नाही. त्या हिवाळ्यात मृत्यू वाढतच गेले. स्कुटारीच्या रुग्णालयांत 4,000 हून अधिक शिपाई मेले. फेब्रुवारी 1855 मध्ये दर शंभर रुग्णांमागे सुमारे 42 मृत्यू होत होते. जखमांनी मरणारे थोडे. पटकी, हगवण, विषमज्वर हेच खरे मारेकरी. मार्चमध्ये इंग्लंडहून स्वच्छता आयोग आला. त्यात डॉ. सदरलँड होते आणि रॉबर्ट रॉलिन्सन नावाचे इंजिनियर होते. त्यांनी फरशीखालच्या मोऱ्या उघडल्या, पाणी कोठून येते ते पाहिले. पिण्याच्या पाण्याच्या नळमार्गात मेलेला घोडा निघाला. पहिल्या पंधरवड्यात त्यांनी शेकडो हातगाड्या कचरा काढला, मेलेली जनावरे पुरली, मोऱ्या धुऊन काढल्या, भिंतींना चुना दिला, छपरात हवेची वाट केली. जूनपर्यंत मृत्यूंचे प्रमाण शंभरात दोनच्या आसपास आले.

मे 1855 मध्ये बाई प्रत्यक्ष क्रिमियात बालाक्लावा येथे गेल्या. तेथे त्यांना तापाने गाठले व त्या मरता मरता वाचल्या. त्या तापाचे दुखणे पुढे अनेक वर्षे त्यांची पाठ सोडणार नव्हते. बऱ्या होताच परत कामाला लागल्या. शिपायांचा पगार दारूत जाऊ नये म्हणून त्यांनी तो घरी पाठविण्याची सोय केली आणि त्यांच्यासाठी वाचनालये उघडली. शिपाई म्हणजे पशू, तो पैसे कुठले पाठवितो, असे म्हणणाऱ्या अधिकाऱ्यांना उत्तर म्हणून सहा महिन्यांच्या आत 71,000 पौंड घरोघरी गेले. मार्च 1856 मध्ये तह झाला. सुलतान अब्दुल मजीद यांनी बाईंना हिरेजडित कंकण भेट दिले व नर्सांसाठी रक्कमही दिली. इंग्लंडात स्वागताची मोठी तयारी होती. बाई मिस स्मिथ या नावाने प्रवास करीत गुपचूप आल्या आणि ऑगस्ट 1856 मध्ये एके दिवशी डर्बिशायरच्या घरी पायी जाऊन उभ्या राहिल्या.

येथे बहुतेक चरित्रे संपतात. खरे तर बाईंच्या आयुष्यातील सर्वांत कठीण प्रसंग यापुढचा आहे, आणि तो टेबलापाशी बसून घडला.

बाईंचा तोवर असा समज होता की, स्कुटारीत इतके लोक मेले ते उपासमार, थंडी आणि अतिश्रम यांमुळे, व आधीच मरणोन्मुख अवस्थेत आणले गेल्यामुळे. दोष क्रिमियातील सेनापतींचा. 1857 मध्ये विल्यम फार या सरकारी संख्याशास्त्रज्ञाबरोबर त्यांनी सगळ्या नोंदी पुन्हा तपासल्या. तेव्हा दिसून आले की आघाडीजवळच्या साध्या पथकी इस्पितळांपेक्षा स्कुटारीच्या मोठ्या रुग्णालयात मृत्यू अधिक होते. म्हणजे शिपाई तेथे येऊन मरत होते. गर्दीने, कोंदट हवेने, तुंबलेल्या मोऱ्यांनी. ज्या इमारतीत बाई रात्र रात्र फिरल्या, जेथे लोकांनी त्यांना देवदूत ठरविले, तीच इमारत मारीत होती. पहिल्या हिवाळ्यात हे त्यांच्याही ध्यानात आले नव्हते.

सारा देश आपल्याला डोक्यावर घेत असताना असा हिशेब समोर आला तर आपण काय करू, हे वाचकाने आपल्या मनाला विचारावे. बाई त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कोसळल्या आणि अंथरुणाला खिळल्या. पण आकडे त्यांनी दडविले नाहीत. शेकडो पृष्ठांचा अहवाल तयार केला, आणि सरकार तो प्रसिद्ध करीना तेव्हा 1858 मध्ये स्वखर्चाने छापून वजनदार लोकांकडे पाठविला. त्यात स्कुटारीचा आकडा स्पष्ट दिला. लांबलचक तक्ते मंत्री वाचीत नाहीत हे त्यांना माहीत होते. म्हणून त्यांनी वर्तुळाकार आलेख काढविले. प्रत्येक महिन्याची एक पाकळी, रोगाने मेलेल्यांचा रंग निळा, जखमांनी मेलेल्यांचा तांबडा. निळा रंग पानभर पसरलेला दिसे. त्या युद्धात इंग्रजांचे 16,000 वर लोक रोगाने गेले. लढाईत व जखमांनी गेलेले 5,000 च्या आत. शांततेच्या काळातही बराकीतील तरुण शिपाई बाहेरच्या तरुणांच्या जवळजवळ दुप्पट प्रमाणात मरतात, हेही त्यांनी दाखविले. बराकी बदलल्या, लष्करी वैद्यकीय शाळा निघाली. 1858 मध्येच लंडनच्या संख्याशास्त्र संस्थेने त्यांना सभासद करून घेतले. तेथील त्या पहिल्या स्त्री सभासद. आईने नको म्हटलेले गणित ते हेच.

लोकांनी वर्गणी काढून 44,000 पौंडांवर निधी जमविला होता. शिपायांनी एकेक दिवसाचा पगार दिला होता. त्यातून 1860 मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात नर्सांची शाळा सुरू झाली. पहिल्या तुकडीत 15 मुली. राहण्याची स्वतंत्र सोय, वहीत रोजची नोंद, वागणुकीवर कडक देखरेख. ही देखरेख आज जाचक वाटेल. पण मुलगी शिकायला पाठवताना आईबापांच्या मनात जी धास्ती असते तिला बाईंनी दिलेले ते उत्तर होते. स्वतः त्यांना तसे उत्तर देणारी शाळा मिळाली नव्हती.

हिंदुस्थानात बाई कधीही आल्या नाहीत. तरी येथील आरोग्याचा ध्यास त्यांनी सुमारे चाळीस वर्षे घेतला. 1859 मध्ये येथील फौजेच्या आरोग्याविषयी आयोग नेमला गेला. बाईंनी प्रश्नावल्या तयार करून छावण्याछावण्यांना पाठविल्या. गाड्याभर उत्तरे आली, ती त्यांनी अंथरुणावर बसून वाचली. 1863 च्या अहवालानुसार येथील गोऱ्या फौजेत दर हजारी 69 मृत्यू होत. दहा वर्षांनी तो आकडा 18 वर आल्याचे बाईंनी दाखविले. पुढे त्यांचे लक्ष शिपायांवरून रयतेकडे वळले. 1876 ते 1878 च्या दुष्काळानंतर त्यांनी पाटबंधारे, सावकारी आणि शेतकऱ्यांची उपासमार यांवर इंग्रजी मासिकातून लिहिले. पुण्याच्या सार्वजनिक सभेशी खेड्यांच्या स्वच्छतेबद्दल त्यांचा पत्रव्यवहार होता, दादाभाई नौरोजी यांच्याशीही होता, आणि मुंबईचे समाजसुधारक बेहरामजी मलबारी यांच्या 1892 सालच्या इंग्रजी चरित्राला त्यांनी प्रस्तावना लिहिली.

त्यांच्या चुकाही सांगितल्या पाहिजेत. रोगजंतूंचा सिद्धान्त त्यांनी फार उशिरा मानला. रोग घाणेरड्या हवेतून उपजतो असेच त्या पुष्कळ वर्षे धरून चालल्या. नर्सांच्या सरकारी नोंदणीला त्यांनी विरोध केला. जमैकाच्या मेरी सीकोल या सावळ्या बाईंना लंडनमध्ये नर्सांच्या पथकात घेतले गेले नाही, तेव्हा त्या स्वखर्चाने क्रिमियात गेल्या व बालाक्लावाजवळ शिपायांना जेवण व औषध देत राहिल्या. त्यांच्याविषयी बाईंनी खासगी पत्रात अनुदारपणे लिहिले. मेरी सीकोल यांचे चरित्रही मुलींनी अवश्य मिळवून वाचावे.

शेवटी बाईंची दृष्टी गेली. 1907 मध्ये ऑर्डर ऑफ मेरिट हा मोठा मान प्रथमच एका स्त्रीला मिळाला तो त्यांना. तोवर त्यांना भोवतालचे फारसे उमजत नव्हते. 13 ऑगस्ट 1910 रोजी वयाच्या नव्वदाव्या वर्षी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये राजेरजवाड्यांच्या शेजारी दफन करण्याची तयारी सरकारने दाखविली होती, पण त्यांच्या इच्छेनुसार आप्तांनी ती नाकारली. हॅम्पशायरमधील ईस्ट वेलो या खेड्यात आईवडिलांच्या कबरीजवळ त्यांना पुरले. दगडावर नाव नाही. एफ आणि एन ही दोन अक्षरे आणि जन्ममृत्यूची साले आहेत.